सूर्यफूल: बियांचा प्रवास, जगभरचे उपयोग आणि कोकणातील स्थान

मिरकरवाडा बंदरावर सकाळी उतरलेला बांगडा दुपारी रत्नागिरीतल्या एखाद्या घरात तव्यावर पडतो, तेव्हा त्याखालचे तेल बहुधा पिशवीतले असते. पिशवीवर पिवळे फूल छापलेले असेल तर ते सूर्यफुलाचे. मासा दोन-चार किलोमीटरवरचा, नारळ परसातला, तांदूळ घरचा किंवा शेजारच्या गावचा. तेल मात्र बहुतेक वेळा युक्रेन, रशिया किंवा अर्जेंटिनातून कच्च्या रूपात जहाजाने आलेले आणि इथे शुद्ध करून पिशवीत भरलेले असते.

सूर्यफुलाची लागवड कशी करावी, हे सांगणारी माहिती तुम्हाला अनेक ठिकाणी मिळेल. या लेखात आपण थोडे मागे जाऊ. हे बी आले कुठून, ज्यांनी ते आधी पिकवले त्यांनी त्याचे काय केले, आणि महाराष्ट्रात एके काळी लाखो हेक्टरांवर फुललेले हे पीक एवढे मागे का पडले, हे पाहू. रत्नागिरीसारख्या भागात दहा-बारा गुंठ्यांत ते पेरावे की नाही, याचा विचार करताना ही माहिती उपयोगी पडते.

मूळ घर: उत्तर अमेरिका

सूर्यफुलाचे शास्त्रीय नाव हेलिअँथस ॲन्युअस. ग्रीक भाषेत ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य आणि ‘अँथोस’ म्हणजे फूल, म्हणजे आपले मराठी नावही नेमके तेच सांगते. कुळ ॲस्टरेसी. झेंडू, शेवंती, करडई, कारळे ही याच कुळातली भावंडे. गाजरगवतसुद्धा याच कुळातले. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरे तर शेकडो लहान फुलांचा गुच्छ असतो. कडेच्या पिवळ्या पाकळ्यांना बी धरत नाही. त्या कीटकांना बोलावण्यापुरत्या असतात. मधल्या तबकडीतल्या प्रत्येक बारीक फुलाचे एक बी होते.

रानटी सूर्यफुलाला अनेक फांद्या, लहान फुले आणि बारीक बी असते. त्यातून मोठ्या फुलाचे, जाड बियांचे झाड निवडत निवडत तयार केले ते उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या मूळ रहिवाशांनी, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी. मका त्या भागात पोहोचण्याच्याही आधी तिथे सूर्यफूल पिकत होते.

या लोकांनी बियांचे काय केले, याची सर्वात तपशीलवार हकिगत मिसूरी नदीकाठच्या हिदात्सा जमातीतल्या एका शेतकरी बाईंनी सांगून ठेवली आहे. इंग्रजीत त्यांना ‘बफेलो बर्ड वुमन’ म्हणतात. त्यांचा जन्म १८३९ च्या सुमाराचा. त्यांनी सांगितलेली शेतीपद्धत गिल्बर्ट विल्सन या अभ्यासकाने लिहून घेतली आणि ती १९१७ साली पुस्तकरूपाने छापली गेली. कोणत्याही कृषी पदवीधराने वाचावी अशी ती माहिती आहे.

हिदात्सा बायका वसंतात नदीवरचे बर्फ फुटले की सर्वांत आधी सूर्यफूल पेरत. शेताच्या मध्ये मका, घेवडा आणि भोपळा. सूर्यफूल मात्र काठाकाठाने, लांब अंतरावर. काळ्या, पांढऱ्या, तांबड्या आणि पट्ट्यांच्या बियांच्या जाती त्या वेगवेगळ्या ठेवत. फुले वाळली की छपरावर तोंड खाली करून पसरत आणि नंतर काठीने झोडपून बी काढत. झाडावर मागाहून येणाऱ्या लहान फुलांची काढणी वेगळी असे आणि थंडी पडल्यावर काढलेल्या बियांत तेल जास्त असते, हेही त्यांना ठाऊक होते.

पुढचा भाग आपल्याला अगदी ओळखीचा वाटेल. बी मातीच्या भांड्यात भाजून, कुटून त्याचे पीठ करत. घेवडा, सुकवलेला भोपळा आणि मक्याचे पीठ यांच्या कालवणात ते पीठ पडे. भाजलेल्या बियांचे पीठ हाताने दाबून त्याचे लाडूसारखे गोळे करत. शिकारीला किंवा लढाईला निघालेला माणूस असा एक गोळा पिशवीत बाळगी आणि दमला की त्याचा थोडासा तुकडा खाई. भाजणे, कुटणे, गोळा करून प्रवासाला बांधून देणे: आपल्याकडे तीळ आणि शेंगदाण्याचे हेच होते.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या कोरड्या भागातले होपी लोक गडद जांभळ्या-काळ्या टरफलाची एक जात राखून आहेत. तिच्या टरफलांचा रंग काढून टोपल्यांचे गवत आणि लोकर रंगवतात. म्हणजे आत खाण्याचे बी, बाहेर रंगाचे टरफल. तेलगिरणी यायच्या कितीतरी आधी या पिकाला घरात चार-पाच कामे होती.

युरोपात शोभेचे, रशियात तेलाचे

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी हे बी युरोपात नेले. तिथे पहिली दोनशे वर्षे ते बागेतले कौतुकाचे झाड राहिले. १७१६ साली इंग्लंडमध्ये या बियांपासून तेल काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले गेले, पण त्यातून उद्योग असा उभा राहिला नाही. तो राहिला रशियात. व्होरोनेझ भागातल्या अलेक्सेयेवका या वस्तीत दानिईल बोकारेव नावाच्या शेतकऱ्याने १८२९ च्या सुमारास हाताच्या दाबयंत्रावर परसातल्या बियांचे तेल काढले आणि काही वर्षांतच त्या भागात तेलगिरण्या सुरू झाल्या.

रशियातच का, याचे एक कारण नेहमी सांगितले जाते. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात लांबलचक उपवास असतात आणि त्या काळात लोणी, चरबी चालत नाही. सूर्यफूल नवे असल्याने ते वर्ज्य पदार्थांत मोडत नव्हते. आपल्या उपवासाला बटाटा आणि साबुदाणा चालतो, तसाच हा प्रकार. दोन्ही अमेरिकेतून आलेले, जुन्या शास्त्रात नावच नाही, म्हणून मनाईही नाही.

विसाव्या शतकात वासिली पुस्तोवोइत (१८८६–१९७२) या शास्त्रज्ञाने क्रास्नोदार इथे निवड पद्धतीने काम करून बियांतले तेलाचे प्रमाण तिशीच्या टक्केवारीतून पन्नाशीपर्यंत नेले. आज जगात जे तेलाचे सूर्यफूल पिकते, त्याच्या मुळाशी हे काम आहे. भारतात आलेल्या पहिल्या जातीही याच परंपरेतल्या.

तेलाबरोबर बी सोलत बसण्याची सवयही पसरली. रशिया-युक्रेनमध्ये भाजलेले बी दातांनी फोडत गप्पा मारणे ही रोजची गोष्ट. स्पेनमध्ये, तुर्कस्तानात तेच. चीनमध्ये नववर्षाला पाहुण्यांपुढे बियांची वाटी असतेच. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या काळात माओ म्हणजे सूर्य आणि जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेली सूर्यफुले, अशी चित्रे सर्रास निघत. त्याच आठवणीवर चिनी कलावंत आय वेवे यांनी २०१० साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात चिनी मातीची, हाताने रंगवलेली सुमारे दहा कोटी सूर्यफूल बियाणी पसरली होती. युक्रेनचे तर हे राष्ट्रीय ओळखीचे फूल. जून १९९६ मध्ये युक्रेनमधली अण्वस्त्रे हटवल्यानंतर पेर्वोमायस्क इथल्या क्षेपणास्त्र तळावर अमेरिका, रशिया आणि युक्रेन या तीन देशांच्या संरक्षणमंत्र्यांनी मिळून सूर्यफुले लावली होती.

फूल खरोखर सूर्याकडे वळते का?

शेतकऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. कोवळे झाड वळते: सकाळी पूर्वेकडे, संध्याकाळी पश्चिमेकडे, आणि रात्रीत पुन्हा पूर्वेकडे. खोडाच्या दोन बाजू कमी-जास्त वाढल्यामुळे हे होते. फूल उमलून खोड पक्के झाले की हालचाल थांबते आणि बहुतेक फुले पूर्वेकडे तोंड करून स्थिर होतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की पूर्वेकडे तोंड असलेली फुले सकाळी लवकर तापतात आणि त्यांच्यावर पश्चिमेकडे वळवून ठेवलेल्या फुलांच्या सुमारे पाचपट कीटक येतात. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. सकाळचे ऊन आंब्याच्या किंवा नारळाच्या सावलीने अडत असेल तर ती जागा या पिकाची नव्हे.

जाता जाता एक गोष्ट. सूर्यावर प्रेम करून फूल झालेल्या ग्रीक क्लायटीची कथा हल्ली सूर्यफुलाला जोडली जाते. ते चूक आहे. ती कथा लिहिली गेली तेव्हा युरोपात सूर्यफूल नव्हतेच. कथेतले फूल वेगळे.

भारतात १९६९, आणि नंतरचा चढउतार

खाद्यतेलाच्या टंचाईवर उपाय म्हणून १९६९ साली सोव्हिएत रशियातून चार जातींचे बियाणे भारतात आणले गेले. त्यातली ‘पेरेडोविक’ म्हणजे ईसी ६८४१४ ही सर्वांत नावाजली. १९७२ पासून व्यापारी लागवड सुरू झाली. याच वर्षी दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले, पण सूर्यफुलाची लाट कोकणात न येता घाटावर गेली.

पुढे कॅनडातून ‘मॉर्डेन’ ही बुटकी, ८०–८५ दिवसांत येणारी जात आली. तिचे नाव पुष्कळदा ‘मॉडर्न’ असे छापले जाते. ते खरे कॅनडातल्या एका गावाचे नाव आहे. १९८० साली बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने बीएसएच-१ हा पहिला संकरित वाण दिला. महाराष्ट्रात लातूरच्या गळीत धान्य संशोधन केंद्रातून ‘सूर्या’ आणि सोलापुरातून ‘भानू’ हे वाण आले. १९८६ साली केंद्राचे तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि लातूर, उस्मानाबाद, सोलापूर, सांगलीकडे सूर्यफूल हे खरीप-रब्बी दोन्ही हंगामांतले पीक झाले. दिवसाच्या लांबीशी या पिकाचे फारसे देणेघेणे नसल्याने ते कुठल्याही महिन्यात पेरता येते, ही त्याची मोठी सोय होती.

१९९०–९५ च्या दरम्यान देशात सूर्यफुलाखालचे क्षेत्र २५ लाख हेक्टरच्या वर गेले होते. गेल्या काही वर्षांत त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरला आहे. असे का झाले?

एक कारण रोगाचे. १९९७ साली कर्नाटकात सूर्यफुलाचा ‘नेक्रोसिस’ म्हणजे झाड करपून वाकडे होण्याचा विषाणूजन्य रोग दिसला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तो आंध्र आणि महाराष्ट्रात पसरला. हा विषाणू गाजरगवतात राहतो. त्याच्या परागकणांतून आणि फुलकिड्यांमार्फत तो सूर्यफुलावर येतो. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत हेही अमेरिकेतूनच आलेले, सूर्यफुलाच्याच कुळातले. भाऊबंदकीच म्हणायची.

दुसरे कारण बाजाराचे, आणि माझ्या मते तेच निर्णायक. १९९४-९५ पासून खाद्यतेलाची आयात खुली होत गेली. स्वस्त पामतेल आणि मागोमाग परदेशी सूर्यफूल तेल आले. गिरणीला कच्चे तेल बंदरातून स्वस्तात मिळू लागल्यावर शेतकऱ्याच्या बियांना तो भाव देण्याची गरज राहिली नाही. त्याच काळात सोयाबीन वाढले. त्याला राखण कमी, बाजार मोठा. सूर्यफूल एकट्या-दुकट्याच्या शेतात उरले, तसे आसपासच्या सगळ्या पोपटांचा मोर्चा त्याच एका शेताकडे वळू लागला. मग तोही शेतकरी थांबला.

आज भारत वर्षाला साधारण २० ते ३५ लाख टन सूर्यफूल तेल आयात करतो आणि त्याचा मोठा भाग युक्रेन-रशिया पट्ट्यातला असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे युद्ध सुरू झाले तेव्हा काही आठवड्यांत आपल्या दुकानातला पिशवीचा भाव चढला. काळ्या समुद्रातले बंदर बंद झाले की मिरकरवाड्यातला तवा महागतो, एवढा हा धागा लांब ताणलेला आहे.

या बियांना आपल्याकडे सण का मिळाला नाही?

परके असणे ही अडचण नव्हती. झेंडू मेक्सिकोचा, तरी दसऱ्याचे तोरण त्याच्याशिवाय होत नाही. मिरची अमेरिकेची. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला आणि आज रत्नागिरी-सिंधुदुर्गात ओल्या काजूच्या उसळीशिवाय चैत्र-वैशाख जात नाही. सूर्यफूल मात्र नावातच सूर्य असूनही आपल्या सूर्यपूजेत कुठे दिसत नाही.

राजापूर तालुक्यातल्या कशेळीला कनकादित्याचे प्राचीन मंदिर आहे आणि तिथे रथसप्तमीचा मोठा उत्सव होतो. रथसप्तमीला घराघरांत अंगणात दूध उतू घालतात, पाटावर रथ आणि सूर्य काढतात, डोक्यावर रुईची पाने ठेवून स्नान करण्याची रीत आहे. रुईला संस्कृतात अर्क म्हणतात आणि अर्क म्हणजे सूर्यही. सूर्याची वनस्पती म्हणून आपल्या परंपरेने रुईला मान दिला तो फार पूर्वी. संक्रांतीला तीळ. सूर्यफूल पोहोचले तेव्हा जागा भरलेल्या होत्या.

पण खरे कारण मला दुसरे वाटते. झेंडू, मिरची, काजू हे घरातून घरात पसरले. बी शेजारणीकडून मागून आणून परसात टोचले गेले. सूर्यफूल आले ते शासनाच्या योजनेतून, बियाण्याच्या पिशवीतून, आणि निघाले की थेट गिरणीत. शेतकऱ्याच्या घरात त्याचे मूठभर बीही उरले नाही. त्यामुळे त्याची चटणी झाली नाही, लाडू झाला नाही, त्यावर ओवी नाही की उखाणा नाही. लातूर-सोलापूरकडे ज्यांनी वीस वर्षे हे पीक घेतले, त्यांच्या घरी आजही चटणी असते ती कारळ्याची, जवसाची, शेंगदाण्याची. ज्या पिकाला एकच गिऱ्हाईक, ते गिऱ्हाईक गेले की पीकही जाते.

कोकणातल्या जुन्या तेलबियांकडे पाहिले की फरक लगेच कळतो. खोबरेल स्वयंपाकात आणि केसांना. समुद्रकाठच्या उंडीच्या बियांचे कडू तेल दिव्यात जळे आणि होडीच्या लाकडाला लावत. कोकमाच्या बिया कुटून, उकळून, मुठीत दाबून काढलेले मुठेल हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना. आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरीच्या फेरपालटीत कारळे. कारळे हे इथिओपियाचे, सूर्यफुलाचेच चुलत भावंड. पिवळे लहान फूल, काळे चकचकीत बी. त्याचे क्षेत्र घटले तरी ते संपलेले नाही, कारण भाव पडला तरी भाकरीबरोबर चटणी लागतेच.

घरात सूर्यफुलाचे बी कसे वापरावे

हल्ली शहरात सुकामेव्याच्या दुकानात सोललेले सूर्यफूल बी मिळते आणि डॉक्टरांनी सांगितले म्हणून लोक चमचाभर खातातही. १०० ग्रॅम सोललेल्या बियांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने आणि ५० ग्रॅम स्निग्धांश असतो. ई जीवनसत्त्व भरपूर. मात्र १०० ग्रॅमला ५८० च्या आसपास कॅलरी असतात, त्यामुळे मूठभर म्हणजे मूठभरच.

चटणीसाठी सोललेले बी मंद आचेवर कोरडे भाजा. फार तांबूस होऊ देऊ नका, कडू लागते. गार झाल्यावर लसूण, लाल मिरची, मीठ आणि थोडे भाजलेले सुके खोबरे घालून कुटा. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. कारळ्याच्या चटणीचा उग्रपणा हिला नसतो, त्यामुळे मुलेही खातात. कालवणाला दाटपणा आणायला खोबऱ्याच्या वाटणात दोन चमचे भाजलेले बी घालून पाहा. तेलासाठीच्या काळ्या बारीक बियांचे टरफल सुटायला त्रास होतो. खाण्यासाठी पट्टेदार, मोठ्या बियांची जात बरी.

तळणाबद्दल एक सूचना. नेहमीच्या सूर्यफूल तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण जास्त असते. असे तेल पुन्हा पुन्हा तापवले की लवकर बिघडते, फेस धरते आणि वास मारते. मासे तळून उरलेले तेल गाळून चार-चार दिवस वापरण्याची सवय या तेलाबाबत तरी सोडावी. तव्यावर थोड्या तेलात तळा आणि संपवा. ‘हाय ओलिक’ प्रकारचे सूर्यफूल तेल उष्णतेला जास्त टिकते. त्याची मूळ जात १९७० च्या दशकात सोव्हिएत रशियातच निघाली.

पेंडीत प्रथिने चांगली असतात आणि ती गुरांच्या, कोंबड्यांच्या खाद्यात चालते. टरफलासकट गाळलेल्या बियांची पेंड चोथट असते, म्हणून ती कोंबड्यांना जपून द्या.

रत्नागिरीत पेरायचे असेल तर

आधी हिशेब करू. चार माणसांच्या घराला माणशी रोज २५ ग्रॅम धरले तर वर्षाला साधारण ३६ किलो तेल लागते. हेक्टरी १० क्विंटल हे मध्यम उत्पादन धरा, म्हणजे गुंठ्याला १० किलो बी. घाण्यावर १०० किलो बियांतून ३० किलोच्या आसपास तेल मिळते, म्हणजे गुंठ्याला ३ किलो. घरचे वर्षाचे तेल हवे असेल तर सुमारे १२ गुंठे.

हेच १२० किलो बी विकायचे म्हटले तर २०२४-२५ च्या ७,२८० रुपये क्विंटल या हमीभावाने ८,७३६ रुपये होतात. तेही हमीभाव मिळाला तर. आणि या बियांची मोठी खरेदी घाटावर होते, तिथवरचे भाडे वेगळे. आता ३६ किलो तेलाची किंमत तुमच्या दुकानातल्या आजच्या भावाने काढा, घाण्याची गाळणावळ वजा करा, पेंड घरात राहते ती जमेला धरा. माझा सल्ला स्पष्ट आहे: कोकणात सूर्यफूल विकण्यासाठी पेरू नका. घरच्या तेलासाठी आणि चटणीसाठी पेरणार असाल आणि जाण्यायेण्याच्या अंतरात घाणा असेल, तरच पेरा.

पावसाळ्यात तर नकोच. जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाणी साचलेले या पिकाला चालत नाही आणि पावसात मधमाशा फिरत नाहीत. भात कापल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पाण्याची सोय असलेल्या निचऱ्याच्या जमिनीत पेरा. आपली जांभ्याची जमीन आम्ल असते आणि तिच्यात बोरॉन कमी पडते. बोरॉन कमी पडले की तबकडीच्या मधोमध पोकळ, फोल बी भरते. म्हणून आधी माती तपासून घ्या, गरजेप्रमाणे चुना द्या, चांगले कुजलेले शेणखत घाला आणि पिवळ्या पाकळ्या उघडू लागताना एका लिटर पाण्याला दोन ग्रॅम बोरॅक्स या प्रमाणात फुलांवर फवारा.

दोन ओळींत ६० आणि दोन झाडांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवले तर १२ गुंठ्यांना संकरित वाणाचे एक किलोपेक्षा कमी बियाणे लागते. उगवल्यावर एका ठिकाणी एकच जोमदार रोप ठेवा. कळी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणा भरताना पाणी चुकवू नका. बांधावरचे गाजरगवत फुलण्याआधी उपटा. कारण वर सांगितलेच आहे. वानर आणि रानडुकरांचा उपद्रव असलेल्या वाडीत मात्र या पिकाच्या वाटेला जाऊ नका, राखणीतच जीव जाईल.

फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका. सातेरी, फुलोरी आणि आग्या या तिन्ही माशा सूर्यफुलावर येतात आणि त्यांच्याशिवाय दाणा भरत नाही. माशा कमी दिसल्या तर सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान हाताला मऊ सुती कापड गुंडाळून एकामागून एक फुलांवरून हलकेच फिरवा. एक दिवसाआड, फुलोरा संपेपर्यंत. बारा गुंठ्यांत हे काम दोघांना सहज जमते.

पोपटांसाठी मिरकरवाड्यात स्वस्तात मिळेल अशी एक वस्तू आहे: जुने, टाकून दिलेले जाळे. बांबूच्या खांबांवर फुलांपासून हातभर वर ताणून बांधा. पातळ तंगुसाचे जाळे घेऊ नका, त्यात पक्षी अडकून मरतात. जाड दोऱ्याचे घ्या आणि कुठे झोळ राहू देऊ नका. पाकळ्या गळून दाणा भरू लागल्यावरच ते चढवा, त्याआधी माशांना वाट मोकळी हवी. फुलांची मागची बाजू लिंबासारखी पिवळी झाली की कापणी करा, फुले तोंड खाली करून खळ्यावर तीन-चार दिवस वाळवा आणि काठीने झोडा. गाळायला नेण्याआधी पायलीभर चांगले बी चटणीसाठी बाजूला काढून ठेवा. सरळ वाण पेरला असेल तर त्यातलेच थोडे पुढच्या पेरणीला चालेल. संकरित वाणाचे बी मात्र दरवर्षी नवे घ्यावे लागते.